ताऱ्यांना हवा असलेला गारवा

यंदा थंडी वेळेवर पडली. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोच पहाटे पन्हाळीतून दव टपटपायला लागलं, आणि मार्गशीर्ष सरायच्या आत कातळाच्या सड्यावरची सगळी आंब्याची कलमं मोहरली. सकाळी मागचं दार उघडलं की तो वास घरात येतो. तो धड गोड नाही, धड आंबट नाही. उन्हं चढली की त्यात कुठूनसा मध मिसळतो. झाडाखाली उभं राहिलं तर माश्यांचा एकच सूर कानात भरतो. मी लाकडं आणायला जाते आणि दोन लाकडं हातात घेऊन तशीच उभी राहते.

मोहर आला की मला मात्र आठवतो तो मोहर अडलेला हिवाळा. तीन-चार वर्षं झाली त्याला.

त्या वर्षी पाऊस गेला, पण त्याची ऊब गेली नाही. आभाळ मळकट राहिलं. पहाटे गोधडी लागायची नाही. कलमं हिरवीगार, चकचकीत दिसत होती आणि मोहराच्या जागी नुसती तांबूस, लुसलुशीत पालवी फुटत होती. परक्या माणसाला वाटावं, काय सुंदर झाडं! वाडीतली माणसं मात्र मान वर करून बघायची आणि पुढे चालू लागायची.

वैशू त्या हिवाळ्यात घरी होती. माझी एकुलती एक मुलगी. कोल्हापूरला राहून एम.एस्सी. झाली होती आणि बंगलोरच्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी मुलाखत देऊन आली होती. तिचे वडील मुंबईला नोकरीला, ते येणार शिमग्याला आणि गणपतीला. घरात आम्ही दोघीच. त्या मुलाखतीचं काय झालं ते मी विचारलं की ती म्हणायची, "कळेल." खरं तर कळलं होतं. तिला जागा मिळाली होती. येते की नाही एवढंच उलट कळवायचं होतं, आणि ते पत्र तिच्या पेटीत कपड्यांखाली होतं. मला त्याचा पत्ता नव्हता.

मला बाहेरच्या माणसाशी बोलता येत नाही. लहानपणापासूनचं आहे. शब्द तयार असतो, घशापर्यंत येतो आणि तिथे बसून राहतो. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण हजेरीला माझं "हजर" मास्तरांपर्यंत कधी पोचलं नाही; शेजारची मुलगी माझ्यासाठी ओरडायची. पुढे लग्न झालं, वैशू झाली, आणि ती बोलायला लागली तशी माझं बोलणंही तिनेच उचललं. सहा-सात वर्षांची होती, डॉक्टरांसमोर पाय हलवत सांगायची, "आयेला खोकला येतो. औषध कडू देऊ नका." एसटीत "एक फुल, एक हाफ" ती म्हणायची. रेशनवर तीच, बँकेत तीच, बाग बघायला आलेल्या माणसाशीही तीच. ती कोल्हापूरला होती तेव्हा मी पुष्कळशा गोष्टी अडवून ठेवायचे, सुट्टीत ती आली की होतील म्हणून. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. लेक हुशार आहे, आईचं बघते. याला माया म्हणतात, असंच मी धरून चालले होते.

तेव्हा संध्याकाळी वीज जायची. सातला गेली की नऊशिवाय येत नसे. आम्ही घरापुढच्या खळ्यात चटई टाकून बसायचो. मी वाल सोलत असायचे आणि वैशू कंदिलाच्या उजेडात तिचे इंग्रजी कागद वाचत असायची. कंदिलावर एखादं पाखरू आपटायचं, ती ते न बघता हाताने बाजूला सारायची. कधी कागद खाली ठेवून ती चटईवर उताणी पडायची आणि आभाळाकडे बघत राहायची. वाडीत कुठे दिवा नाही. चुलीतला विझत आलेला धूर, ओल्या पालवीचा वास आणि वर इतके तारे, की वाल सोलता सोलता माझे हात थांबायचे.

"एवढं काय वाचतेस गो?" मी एकदा विचारलं.

"कृष्णविवराचं."

"म्हणजे कसलं?"

ती कुशीवर वळली. "बघ आये. आपला सूर्य ताऱ्यांच्या एका मोठ्या मेळ्यात राहतो. त्याला दीर्घिका म्हणतात. असे मेळे वर मोजता येणार नाहीत इतके आहेत. मोठ्या मेळ्याच्या अगदी मध्यावर एक काळं, भयंकर जड काहीतरी असतं. त्याच्या फार जवळ गेलेलं परत येत नाही. उजेडसुद्धा नाही."

"कुर्लीच्या बिळासारखं?"

"कुर्ली तरी नांग्या काढून बाहेर येते गो!" ती हसली. मग म्हणाली, "पण गंमत ऐक. भोवतीचा वायू गरगरत त्याच्याकडे ओढला जातो, तेव्हा सगळा आत पडत नाही. थोडा कडेवरूनच उडतो. एक झोत वर, एक खाली. बारीक, सरळ, आणि इतके लांब की अख्खा मेळा मागे टाकून पुढे जातात."

"हावरट माणूस जेवताना ताटाबाहेर सांडतो, तसं."

"तसंच. फक्त हे सांडलेलं लाखो वर्षं उडत राहतं."

मी वाल सोलत राहिले. ती अर्धी माझ्याशी आणि अर्धी स्वतःशी बोलत राहिली. तारा वायूतूनच जन्मतो, म्हणाली, पण वायू गार झाला तर. गार झाला की तो आकसतो, एके जागी गोळा होतो, मग त्याचा तारा होतो. आणि काही मेळे असे आहेत की त्यांच्याभोवती वायू रग्गड आहे, पण नवा तारा जवळजवळ नाहीच. सगळे जुने, तांबूस. कारण मधल्या विवराच्या कडेवरून सुटलेले झोत त्या वायूत मोठाले फुगे काढतात, त्याला ढवळतात, तापवत ठेवतात. गार होऊच देत नाहीत.

मी समोर बघितलं. अंधारात कलमांचे नुसते काळे ढीग दिसत होते.

"म्हणजे थंडी पडत नाही," मी म्हटलं.

तिनेही मान वळवून कलमांकडे बघितलं. "व्हय आये," मग म्हणाली, "थंडी पडत नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. दुपारी झोप लागता लागता मला एक मोठा थोरला सडा दिसायचा, काळोखाचा. त्यावर वायूची झाडं, गच्च, हिरवीही नाहीत आणि काळीही नाहीत. सगळं आहे, कशाची कमतरता नाही, तरी एक कळी नाही. मध्ये कोणीतरी बसलंय, दिसत नाही, आणि सगळ्यांना ऊब देतंय. जाग यायची तेव्हा मानेखाली घाम असायचा.

असंच एकदा सकाळी मी भात शिजवत होते. वैशू चुलीसमोर पाटावर बसून वहीत आकडे मांडत होती आणि वैतागली होती.

"मला एक कळत नाय," ती पेन्सिल चावत म्हणाली. "झोताने वायू तापतो. ठीक. मग तापतच जायला हवा. नाहीतर गार व्हायला लागला तर गारच होत जायला हवा. हे मध्येच कसं राहतं? इतकी कोटी वर्षं? कागदात लिहिलंय, पण डोळ्यांपुढे येत नाय."

तेवढ्यात भात उतू गेला. पेज भांड्यावरून उतरून चुलीत पडली, चर्र झालं, जाळ खाली बसला. मी झाकण सरकवलं.

"हे बघ की," मी म्हटलं. "भात वर आला, पेज जाळावर पडली, जाळ मंदावला. आता भात खाली बसेल. थोड्या वेळाने लाकूड परत धरेल, परत वर येईल. असा वर-खाली होत होतच तो शिजतो. मी काय मध्ये हात घालते?"

वैशू भांड्याकडे बघत बसली. मग इतक्या जोरात "आये!" म्हणून ओरडली, की दारातली कोंबडी पळाली.

"हेच गो! तुझी पेज तो झोत. वायू गार होतो, खाली पडतो, विवराला खायला मिळतं, झोत सुटतो. झोताने वायू तापतो, वरच राहतो. खाणं बंद, झोत बंद. मग परत गार! उलटंसुलटं आहे थोडं, पण हेच!" तिने वहीत चक्क भाताचं भांडं काढलं. खाली चूल काढली आणि बाजूने बाण दाखवले.

"मोठमोठी माणसं हे शोधतायत म्हणतेस. त्यांनी भात शिजताना बघितला नाय काय?"

"त्यांच्याकडे कुकर असतात."

आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता तिने फुंकणी उचलली, निखाऱ्यावर हलकी फुंकर मारली आणि म्हणाली, एखादे वेळी असंही होतं. झोत जाता जाता एखाद्या गार ढगावर आदळतो, त्याला दाबतो आणि तिथे नवे तारे पेटतात. एकच झोत, पण समोर काय आहे त्यावर सगळं. तिचं तोंड निखाऱ्याच्या उजेडात लाल झालं होतं. मला वाटलं, हिला असं बोलताना जगाने बघायला हवं. मग वाटलं, नको, इथेच बोलू दे, माझ्या चुलीपुढे. दोन्ही मला एकाच वेळी वाटलं, आणि दुसरं जास्त वाटलं. ते लपवत नाही.

मागच्या दारी, भांडी घासायच्या दगडाशेजारी एक कलम आहे. त्या हिवाळ्यात मी त्याला रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी घालत होते. माझं माहेर खाडीकाठचं, माडांच्या गावातलं. माडाला पाणी घालावं तेवढा तो देतो. सगळ्या सड्याचा मोहर अडलाय तर या एका झाडाला तरी यावा, म्हणून मी आळं करून त्याला पाणी पाजत होते. शेजारच्या भागीकाकींनी ते मधल्या दगडी गडग्यावरून बघितलं. काकींचं आयुष्य कलमांत गेलेलं. त्या तिथूनच ओरडल्या, "वैशूच्या आये, काय करत्येस गो हे?"

"पाणी घालतेय काकी. मोहर यायचा थांबलाय ना."

"अगो, कलमाला हिवाळ्यात पानी घालतात काय? त्याला वाटतंय पाऊस अजून सरलाच नाय. बसलंय पानं काढीत. त्याला जरा तहान लागू दे, वारा लागू दे, मग ते घाबरून मोहर काढतं. लाडावून ठेवलंस मेल्याला!"

मी ओशाळून बादली खाली ठेवली. काकी गडग्याला टेकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "झाडाचं सोड. पोरीचं काय केलंस?"

"काय केलं?"

"तुला ठावं नाय? काल माझ्याकडे तिला फोन आलेला, मैत्रिणीचा. बंगलोरची जागा मिळाल्ये तिला. कागद भरून धाडायचाय, या शनवारच्या आत धाडला पायजे. तर ही काय म्हणाली म्हायत्ये? म्हणाली, मी नाय जात. आये कोणाशी बोलत नाय, तिचं कोण बघील."

काकी गेल्या आणि मी त्या दगडावर बसले. समोर ते झाड. इतकी सुंदर पालवी होती त्याला! मऊ, तांबूस, तेल लावल्यासारखी. मी हात लावला तर पान गार नव्हतं. दुसरी बादली भरलेलीच होती. मी ती उचलून पुढच्या दारी नेली आणि माडाच्या आळ्यात ओतली.

संध्याकाळी वीज गेल्यावर मी विचारलं. वैशूने कागदावरून मान वर केली नाही.

"काकींच्या पोटात काही राहत नाय," ती म्हणाली.

"का नाय जात?"

"इथे रत्नागिरीत शिकवीन कुठेतरी. संध्याकाळी घरी येईन. काय वाईट आहे?"

"आणि ते झोत?"

"ते आहेत तिथेच. माझ्यावाचून अडलंय काय त्यांचं?"

"तुझं अडेल."

"आणि तुझं? मागल्या वर्षी ताप आला तर चार दिवस डॉक्टरकडे गेली नाहीस तू. मी नव्हते म्हणून. मला काकींनी सांगितलं." तिचा आवाज चढला होता. "मी तिथे बसून तारे मोजू आणि तू इथे दार लावून बसशील. मला जमायचं नाय ते."

तिला बोलून पटवण्याएवढे शब्द माझ्याजवळ नव्हते. आणि ती खोटंही बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी मी वेणी घातली, चांगलं लुगडं नेसले आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"तो कागद भर आणि दे. मी टाकून येते."

"तू? कुठे?"

"रत्नागिरीत. मोठ्या पोस्टात."

ती आधी हसली. मग तिला दिसलं की मी पायात चपला घातल्यात. "आये, नुसती पेटीत टाकायची चिठ्ठी नाय ती. रजिस्टर करायला लागते. खिडकीवरचा माणूस दहा प्रश्न विचारतो. तू बोलणार?"

"बोलेन."

"आणि नाय बोललीस तर?"

"तर घेऊन परत येईन. मग तू म्हणतेस ते खरं."

तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून सांगता येत नाही. त्यात राग होता, कीव होती, आणि आणखी काहीतरी होतं. ती उठली, पेटी उघडली. कागद भरताना तिचा हात भरभर चालत होता, जणू थांबला तर थांबेलच. लखोट्याची कड जिभेने ओली करून तिनेच तो बंद केला. मी नाही.

गाडीत कंडक्टर आला. "कुठे?" त्याने विचारलं. मी उत्तर दिलं, पण ते मलाच ऐकू आलं नाही. "कुठे, बाई?" दुसऱ्या खेपेला "रत्नागिरी" इतकं मोठ्याने निघालं की मला वाटलं सगळी गाडी मागे वळली. कोणीही वळलं नव्हतं. बाहेर कातळ उन्हात तापत होता आणि मी लखोटा पदराखाली दोन्ही हातांनी धरला होता.

पोस्टात पाच-सहा माणसांची रांग. माझा नंबर आला.

"रजिस्टर करायचंय," मी म्हटलं. हे वाक्य मी गाडीत शंभरदा म्हटलं होतं.

त्याने लखोटा उलटा केला. "पाठवणाऱ्याचा पत्ता कुठाय?"

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. घसा बंद झाला. मागचा माणूस खाकरला. वैशू असती तर तिने आत्तापर्यंत लखोटा ओढून घेऊन पत्ता लिहूनही टाकला असता, मी तिच्या खांद्यामागे उभी असते. मी मान वळवून दाराकडे बघितलं. उगाच. सवयीने.

मग मी म्हटलं, "मराठीत लिहिला तर चालेल?"

"चालेल की. लिहा."

टेबलावर दोरीने बांधलेलं पेन होतं. चौथीतल्या अक्षरात मी वैशूचं नाव लिहिलं, वाडीचं लिहिलं, तालुका-जिल्हा लिहिला. दोरी आखूड होती, त्यामुळे शेवटची ओळ वाकडी गेली. त्याने शिक्का मारला आणि पावती दिली.

तिला आता बंगलोरला तीन वर्षं झाली. माझ्याकडे मोबाईल आहे, तो मी बाजारात जाऊन आणला. दर रविवारी ती फोन करते. कधी तिचा आवाज पडलेला असतो. म्हणते, एवढं मोजलं आणि अजून नक्की सांगता येत नाही, कुठे झोत ताऱ्यांना अडवतो आणि कुठे जन्म देतो. मागल्या खेपेला येताना तिने एक चित्र आणलं. काळोखात एक फिकट ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुरासारखे दोन लांब लोट, टोकाशी फुगलेले. ठिपका म्हणजे अख्खा मेळा, म्हणाली. मी ते देव्हाऱ्याशेजारी लावलंय. दगडाजवळच्या कलमाला त्या वर्षी मोहर आलाच नाही. सड्यावरच्या झाडांना माघात थोडाफार आला.

हे सगळं मी तिला कधी लिहिलं नाही, आणि एक गोष्ट तर आम्ही दोघींनीही कधी काढली नाही.

मी पावती घेऊन पोस्टाबाहेर आले तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं. समोर रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीवर वैशू उभी होती. घरातल्याच कपड्यांत, पायात परसात घालायच्या चपला. माझ्या मागून आलेल्या जीपने आली असणार. तिथून पोस्टाचं दार सरळ दिसतं आणि आतली खिडकीही दिसते. माझा घसा बंद झाला तेव्हाही ती तिथेच असणार. तिने सगळं बघितलं असणार. ओढणीचं टोक तिने मुठीत इतकं घट्ट धरलं होतं की रस्त्याच्या अलीकडूनही मला ते दिसलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग मी पावती घडी करून कमरेला खोचली आणि स्टँडच्या वाटेला लागले. रस्ता अरुंद होता. दहा पावलांत ती माझ्यापाशी येऊ शकली असती.

ती आली नाही.